मेंदूंतील कुलूप आणि पुडींतील किल्ली
(नभोवाणीवरील भाषण)



दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीमच्या बाजार समितीच्या आवारांत पाऊल टाकणाऱ्यास जिकडे पाहावें तिकडे सोयाबीनचे ढीग दिसतात. रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा सर्व तालुक्यांत हें पीक घेतलें जातें. एके काळीं या काळ्या जमिनींत ज्वारी आणि कपाशी यांचें राज्य होतें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हा परदेशी दाणा येथें घरचा होऊन बसला. त्यांत तेल आहे, प्रथिन आहे, हें शेतकऱ्यास ठाऊकच आहे. परंतु त्यांत जेनिस्टीन नांवाचें आणखी एक द्रव्य अल्प प्रमाणांत असतें, आणि तें मनुष्याच्या मेंदूंतील एका सूक्ष्म कुलपांत किल्लीसारखें जाऊन बसूं शकतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानीं गेली असेल.

आतां दुसरें एक चित्र. तें याच जिल्ह्यांतील असेल किंवा दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्यांतील. घरची सून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत आहे. पहिली मुलगी आहे. नात्यांतील कोणी वडीलधारी बाई पदराआड कागदाची एक पुडी घेऊन येते आणि हळूच म्हणते, “घे माय, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधांतून तीन दिवस घे. पोरीच्या पाठीवर भाऊ येईन.” बाईच्या मनांत कपट नसतें. तिलाहि तिच्या तरुणपणीं अशीच पुडी कोणी दिलेली असते. सून कांहीं बोलत नाहीं. मोठ्यांचा मान राखावयाचा म्हणून ती डोळे मिटून पुडी घेते.

बाजारांतील ढीग आणि पदराआडची पुडी यांचा परस्परांशीं काय संबंध, असा प्रश्न साहजिकच पडेल. संबंध आहे, आणि तो त्या कुलपामुळेंच आहे. म्हणून आधीं त्या कुलपाची ओळख करून घेणें इष्ट होईल.

शरीरांतील कांहीं ग्रंथि अत्यंत अल्प प्रमाणांत अशीं द्रव्यें रक्तांत सोडतात कीं, त्यांचा परिणाम दूरच्या अवयवांवर घडून येतो. टपालानें निरोप जावा तसा हा निरोप रक्तानें जातो. या द्रव्यांस संप्रेरकें म्हणतात, आणि इस्ट्रोजेन हें त्यांपैकींच एक. १९२९ सालीं अमेरिकेंत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनींत आडोल्फ बूटेनांट यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, त्याचा एक प्रकार शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. स्त्रीच्या अंडाशयांत तें मुख्यत्वें तयार होतें म्हणून त्यास ‘स्त्री-संप्रेरक’ हें नांव पडलें. नांव रूढ झालें खरें, परंतु तें अपुरें आहे. इस्ट्रोजेन पुरुषाच्या शरीरांतहि असतें. इतकेंच नव्हे, तर त्याच्यावांचून पुरुषाचें शरीरहि पुरतें घडत नाहीं.

येथें एक कोडें होतें. रक्त तर सर्व शरीरभर फिरतें. मग इस्ट्रोजेनचा निरोप गर्भाशयासच कां कळतो आणि दंडाच्या स्नायूस कां कळत नाहीं? पोस्टमन आळींतील प्रत्येक दारावरून जातो, तरी पत्र ज्याचें त्यालाच मिळतें. तसें येथें पत्त्याचें काम कोण करतो? हें कोडें शिकागो विद्यापीठांतील एलवुड जेन्सन यांनीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सोडविलें. जेन्सन तरुणपणीं आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न हें अवघड शिखर चढून आलेले होते. त्या शिखरावर पहिलें पाऊल पडलें तें, ज्या बाजूनें बहुतेकांनीं प्रयत्न केले होते ती सोडून दुसऱ्या बाजूनें गेल्यामुळें, ही कथा ते आवडीनें सांगत. संशोधनांतहि त्यांनीं तेंच केलें. इतर शास्त्रज्ञ इस्ट्रोजेनमुळें पेशींत कोणते रासायनिक फेरफार होतात तें शोधीत होते. जेन्सन यांनीं उलट विचारलें कीं, पेशी इस्ट्रोजेनचें काय करते? त्यांनीं इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि तें लहान उंदरिणींस टोचलें. स्नायूंत आणि रक्तांत तें थोडाच वेळ टिकलें. गर्भाशयानें मात्र तें कित्येक तास धरून ठेवलें, आणि तेंहि मूळ स्वरूपांत. अर्थात् गर्भाशयाच्या पेशींत त्यास धरून ठेवणारें कांहीं तरी असलेंच पाहिजे. हें ‘कांहीं तरी’ म्हणजे एक प्रथिन होय. त्यालाच ग्राही असें नांव आहे, आणि येथें त्यास कुलूप म्हटलें आहे तें सोयीसाठीं.

किल्ली एकटी निरुपयोगी, आणि कुलूपहि एकटें निरुपयोगी. वाशीमकरांना ही गोष्ट समजण्यास दूर जावयास नको. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथांत अशी कथा रचिली आहे कीं, सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला तेव्हां त्याला बांधून ठेवण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली. ती देशोदेशीं त्याच्या मागून गेली, आणि अखेर विदर्भांतील या वत्सगुल्म नगरांत दोघांचा विवाह झाला. शब्दाला अर्थ भेटल्याखेरीज काव्य नाहीं. तसेंच संप्रेरकाला ग्राही भेटल्याखेरीज परिणाम नाहीं.

इस्ट्रोजेन पेशींत शिरून ग्राहीशीं जुळलें म्हणजे तें जोडपें केंद्रकांतील जनुकांवर जाऊन बसतें आणि कोणतें जनुक जागें करावयाचें, कोणतें निजूं द्यावयाचें हें ठरवूं लागतें. असें कुलूप एकाच जातीचें नाहीं. १९८५-८६ च्या सुमारास पहिल्या ग्राहीचें जनुक हातीं आलें. त्यास पुढें ‘आल्फा’ म्हणूं लागले. पुष्कळ वर्षें एवढा एकच ग्राही आहे अशी समजूत होती. परंतु १९९६ सालीं स्टॉकहोमच्या यान-ओके गुस्ताफसन यांच्या प्रयोगशाळेंत दुसरा ग्राही सांपडला, तो ‘बीटा’. सोयाबीनमधील जेनिस्टीन या दुसऱ्या कुलपांत विशेष सहजतेनें बसतें.

हीं दोन्ही कुलुपें मेंदूंत आहेत. तहान, भूक, झोंप आणि ऋतुचक्र यांचें नियंत्रण करणारा मेंदूच्या तळाचा भाग, स्मरणाशीं निगडित असलेला भाग, आणि विचाराचें स्थान असें ज्यास म्हणतां येईल तें मेंदूचें बाह्य आवरण, या सर्वांत तीं आढळतात. आणि विशेष हें कीं, तीं जन्मापूर्वींच तेथें येऊन बसतात. मानवी गर्भाच्या मेंदूची तपासणी करणाऱ्यांना शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या नवव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या आवरणांत आल्फा ग्राही दिसला, आणि पंधराव्या आठवड्याच्या सुमारास बीटा. नवव्या आठवड्यांत सबंध गर्भ मोठ्या बोराएवढा असतो. पुष्कळदां घरांतील सर्वांना बातमीहि कळलेली नसते, तोंच मेंदूंत कुलुपें बसविण्यास आरंभ झालेला असतो.

तीं तेथें कशासाठीं? न्यूयॉर्क येथील डॉमिनिक तोरां-आलरां या विदुषीनें १९७६ सालीं उंदराच्या पिलाच्या मेंदूचे बारीक तुकडे कांचेच्या बशींत वाढविले. ज्या बशींत इस्ट्रोजेन घातलें होतें तेथें मज्जापेशींचे तंतु झपाट्यानें वाढले आणि त्यांना दाट फांद्या फुटल्या. पावसाळ्यांत कारल्याच्या वेलाला तणावे फुटावेत तसा तो प्रकार होता. मज्जापेशींचें मोल या फांद्यांवर आहे. कारण एका पेशीनें दुसरीशीं बोलावयाचें तें या फांद्यांच्या द्वारेंच. म्हणजे इस्ट्रोजेनचें कुलूप हें मेंदूच्या बांधकामांतील एक साधन होय, आणि बांधकाम तर मुलाच्या मेंदूचेंहि व्हावयाचें आणि मुलीच्याहि.

येथें एक शंका निघेल. गर्भवतीच्या रक्तांत इस्ट्रोजेनचें प्रमाण नेहमींच्या शेंकडों पट वाढतें. मग तें सारें गर्भाच्या मेंदूवर कां कोसळत नाहीं? निसर्गानें त्याची तजवीज केली आहे. वार म्हणजे केवळ अन्न पोंचविणारी नळी नव्हे. ती दारावरचा पहारेकरीहि आहे. तींतील विकरें तीव्र इस्ट्रोजेनचें रूपांतर सौम्य इस्ट्रोजेनमध्यें करतात. शिवाय गर्भाचें स्वतःचें यकृत त्याला गंधकयुक्त अशी एक जोड देऊन निष्क्रिय करून ठेवतें. किल्लीच्या दांत्यांवर लाख बसवावी म्हणजे ती कुलपांत फिरत नाहीं, तसेंच हें. उंदराच्या पिलांत हेंच काम रक्तांतील एक प्रथिन करतें. तें इस्ट्रोजेनला धरून ठेवतें व मेंदूंत जाऊं देत नाहीं.

उंदराचा विषय निघाला आहे तर त्याच्या मेंदूचें एक नवल सांगितलेंच पाहिजे. १९५९ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत चार शास्त्रज्ञांनीं गाभण गिनीपिगांस टेस्टोस्टेरोन, म्हणजे ज्याला ‘पुरुष-संप्रेरक’ म्हणतात तें, टोचलें. पोटांतील माद्या पुढें मोठ्या झाल्या तेव्हां त्यांचें वागणें नरासारखें झालें. जन्मापूर्वीं मिळालेल्या निरोपाचा ठसा मेंदूवर कायमचा उमटतो, हें तेव्हां प्रथम स्पष्ट दिसलें. पुढें शोध लागला तो आणखी विलक्षण. उंदराच्या मेंदूंत गेलेलें टेस्टोस्टेरोन तेथील ॲरोमाटेज नांवाच्या विकरामुळें इस्ट्रोजेन बनतें, आणि नराचा मेंदू नराचा होतो तो पुष्कळ अंशीं या इस्ट्रोजेनमुळें! ज्याला जग स्त्रीचें द्रव्य म्हणतें तेंच उंदराच्या नराला नर बनवितें. हें विकर मानवी गर्भाच्या मेंदूंतहि आहे, असें फ्रेडरिक नाफ्टोलिन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत दाखविलें.

तेव्हां मनुष्यांतहि असेंच घडत असावें, असें पुष्कळांना वाटलें. परंतु मनुष्य म्हणजे मोठा उंदीर नव्हे. १९९४ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकांत अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरांतील आल्फा ग्राही जन्मतःच निकामी होता. कुलूपच मोडकें, त्यामुळें रक्तांत इस्ट्रोजेन भरपूर असूनहि तें व्यर्थ होतें. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, म्हणजे सहा फूट आठ इंचांच्या घरांत, आणि ती वाढतच होती. कारण हाडांचीं टोकें सांधलींच नव्हतीं. अठ्ठाविसाव्या वर्षीं त्याच्या हाडांचें वय पंधरा वर्षांचें होतें, आणि तीं वृद्धाच्या हाडांसारखीं विरळ झालेलीं होतीं. परंतु स्वतःस पुरुष मानण्यांत त्याला कधींच संदेह वाटला नव्हता. ज्यांच्या शरीरांत दुसऱ्या एका दोषामुळें इस्ट्रोजेन तयारच होत नाहीं, अशा पुरुषांचाहि अनुभव असाच आहे.

याच्या उलट, कांहीं मुलांचीं गुणसूत्रें पुरुषाचीं असतात, शरीरांत टेस्टोस्टेरोन असतें, इस्ट्रोजेनहि असतें, त्याचें कुलूपहि शाबूत असतें. परंतु टेस्टोस्टेरोनचें कुलूप मात्र जन्मतः निकामी असतें. अशीं मुलें दिसण्यांत मुलींसारखीं जन्मतात, मुली म्हणून वाढतात, आणि बहुधा स्वतःस स्त्रीच समजतात. या दोन्ही दाखल्यांवरून निष्कर्ष निघतो तो असा, कीं उंदराच्या मेंदूंत इस्ट्रोजेनच्या ग्राहीकडे जें काम आहे तें मनुष्याच्या मेंदूंत त्याच्याकडे नाहीं. येथें त्याचें काम मुलगा कीं मुलगी हें ठरविण्याचें नसून दोघांचेंहि मेंदू आणि दोघांचींहि हाडें नीट घडविण्याचें आहे.

हें ध्यानांत ठेवून आतां खोट्या किल्ल्यांकडे वळूं. कुलूप कितीहि उत्तम असलें तरी त्याला आपली किल्ली आणि परकी किल्ली यांतील भेद सर्वस्वीं कळतोच असें नाहीं. १९३८ सालीं लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनीं प्रयोगशाळेंत स्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम द्रव्य तयार केलें. त्याची घडण इस्ट्रोजेनहून निराळी असली तरी तें त्याच कुलपांत बसे, आणि स्वस्तहि होतें. गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेंत असंख्य गर्भवतींना तें देण्यांत आलें. १९५३ सालीं शिकागो येथें पद्धतशीर परीक्षा झाली आणि त्याचा त्या कामीं कांहीं उपयोग नाहीं असें सिद्ध झालें; तरी देण्याची चाल थांबली नाहीं. बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींमध्यें योनिमार्गाचा एक अति दुर्मिळ कर्करोग आढळल्याचें १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या आयांना विचारतां विचारतां उलगडा झाला कीं, बहुतेकींनीं गर्भारपणीं तें औषध घेतलें होतें. औषध घेतलें आईनें, भोगलें मुलीनें, आणि तेंहि पंधरा-वीस वर्षांनीं! गर्भावस्थेंतील चुकीचा हिशोब किती उशिरां पुढें येतो, याचें याहून कठोर उदाहरण नाहीं.

वनस्पतींतहि अशा किल्ल्या असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९४० नंतर एका जातीच्या गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. क्लोव्हर नांवाच्या त्या शेंगवर्गीय चाऱ्यांत इस्ट्रोजेनसारखीं द्रव्यें आहेत, हें १९४६ सालीं उघडकीस आलें. सोयाबीन त्याच कुळांतलें. त्यांतील जेनिस्टीन आणि डाइड्झीन हीं त्याच जातीचीं द्रव्यें.

हें ऐकून कोणीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. वाशीमच्या शेतकऱ्यानें तर मुळींच नाहीं. जपान व चीन या देशांत सोयाबीन शतकानुशतकें जेवणांत आहे. वनस्पतींतील हीं द्रव्यें शरीरांतील इस्ट्रोजेनच्या मानानें फार दुबळीं असतात. अन्नांतून, इतर पदार्थांच्या जोडीनें, बेतशीर प्रमाणांत पोटांत गेलीं तर प्रौढ माणसास त्यांपासून भय नाहीं. येथील सोयाबीनपैकीं पुष्कळसें तेलाच्या गिरणीकडे आणि पेंड होऊन कोंबड्यांच्या खाद्याकडे जातें. आणि शुद्ध केलेल्या तेलांत हीं द्रव्यें जवळजवळ उरतच नाहींत. अन्न म्हणून खाल्लेला दाणा निराळा, आणि अज्ञात मात्रेचें औषध म्हणून नाजुक आठवड्यांत घेतलेलें चूर्ण निराळें.

आणि येथेंच ती पदराआडची पुडी पुन्हां समोर येते. हरियाणांत अशा पुड्या सर्रास घेतल्या जातात असें आढळल्यावरून तेथील गर्भवतींची पाहणी करण्यांत आली, आणि तिचे निष्कर्ष २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. शिवलिंगीचें बीं आणि मायफळ यांसारख्या वस्तु त्या पुड्यांत असत. त्यांचे नमुने तपासले तेव्हां कित्येकांत जेनिस्टीन आणि डाइड्झीन हींच द्रव्यें मिळालीं. ज्या स्त्रियांनीं तीं औषधें घेतलीं त्यांच्या पोटीं व्यंग असलेलीं किंवा मृत मुलें जन्मण्याचें प्रमाण, न घेणाऱ्यांहून अधिक निघालें. पुडी देणारीस यांतील कांहींच माहीत नसतें. बांधकाम चालू असलेल्या घरांत कोणी अनोळखी मनुष्य किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिरावा, तसें हें होतें.

बरें, एवढा धोका पत्करून हेतु तरी साधतो काय? मुळींच नाहीं. मूल मुलगा होणार कीं मुलगी, हें बीज-संयोगाच्या क्षणींच ठरतें. आईकडून येणारें गुणसूत्र नेहमीं एकाच जातीचें, एक्स. बापाकडून येणारें एक्स असेल तर मुलगी आणि वाय असेल तर मुलगा. वाय गुणसूत्रावरील जें जनुक गर्भांत वृषण घडविण्यास आरंभ करतें त्याचा शोध १९९० सालीं लंडन येथें लागला. सहाव्या-सातव्या आठवड्यांत तें आपल्या कामास लागतें. पाळी चुकल्यावर पुडी यावयाची म्हणजे वरातीमागून घोडें! शिवाय ज्या गोष्टीचा निर्णय पित्याच्या बीजानें लागतो तिच्यासाठीं मातेच्या पोटांत चूर्ण घालावयाचें, आणि मुलगी झाली तर दोषहि तिच्याच माथीं मारावयाचा, हा कोणता न्याय?

पुंसवन हा तर सोळा संस्कारांपैकीं एक आहे, त्याची वाट काय, असें कोणी विचारील. प्राचीन वैद्यांविषयीं आदर बाळगूनच त्याचें उत्तर द्यावयाचें आहे. चरकसंहितेंत हा विधि गर्भाचें लिंग व्यक्त होण्यापूर्वीं करावा असें सांगितलें आहे. लिंग व्यक्त झाल्यावर तें बदलत नाहीं, एवढें त्या वैद्यांनीं ओळखलें होतें. मात्र तें डोळ्यांस दिसण्याच्या कित्येक आठवडे आधींच ठरून गेलेलें असतें, हें पाहण्यास त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. आज तें आहे. ते वैद्य आज असते तर त्यांनींच आपल्या ग्रंथांत दुरुस्ती केली असती.

तरी पुडीचा लौकिक टिकतो. त्याचें गणित शाळेंतील मुलासहि उमजेल. कोणतेंहि औषध न घेतां शंभर प्रसूतींत सुमारें एक्कावन्न मुलगेच जन्मास येतात. म्हणजे नुसती राख दिली तरी निम्म्याहून अधिक घरांत पेढे वाटले जाणार आणि पुडीचें नांव होणार. उरलेल्या घरांत “पथ्य चुकलें” एवढे दोन शब्द पुरेसे होतात. ज्या धंद्यांत यश आपलें आणि अपयश गिऱ्हाइकाचें, तो धंदा बुडावा कसा?

परंतु केवळ गणितानें ही गोष्ट संपत नाहीं. पुडीच्या मागें जी इच्छा आहे तिचे आंकडे जनगणनेंत उमटलेले आहेत. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या वयाच्या दर हजार मुलग्यांमागें २००१ सालीं ९१३ मुली होत्या. २०११ सालीं त्या ८९४ वर आल्या. वाशीम जिल्ह्यांतहि हें प्रमाण त्या दहा वर्षांत खालींच गेलें. हे आंकडे पुडीमुळें घसरले नाहींत. त्याचें कारण गर्भलिंग-परीक्षेचा दुरुपयोग हें होय. तो रोखण्यासाठीं या देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला, आणि १९९४ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. यंत्रावर कायद्याची नजर आहे. पदराआडच्या पुडीवर मात्र घरांतील शहाण्या माणसांनींच नजर ठेवावयास पाहिजे. एक मुलगी जन्मूं नये म्हणून वापरलें जातें, दुसरी मुलगा जन्मावा म्हणून दिली जाते. मूळ मात्र एकच आहे.

मग गर्भवतीला द्यावें तरी काय? त्याचेंहि उत्तर महाराष्ट्रांतच मिळण्यासारखें आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या गर्भारपणाची आणि पुढें त्यांच्या मुलांच्या वाढीची वर्षानुवर्षें नोंद ठेविली. तेथें असें दिसलें कीं, पुष्कळ मातांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. आणि ज्यांच्या रक्तांत तें फारच कमी होतें, त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर स्मरण व अवधान यांच्या कांहीं परीक्षांत मागें पडलीं. मेंदूचें बांधकाम कोणत्या द्रव्यावर चालतें, याचा हा घरचा दाखला. गर्भाचा मज्जारज्जु ज्या नळीपासून होतो ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आंतच मिटते, आणि ती नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड लागतें. म्हणून तें दिवस राहण्यापूर्वींपासून घेणें उत्तम. रक्तासाठीं लोह पाहिजे, मेंदूसाठीं आयोडिनयुक्त मीठ पाहिजे, आणि जेवणांत दूध, दहीं, डाळ, पालेभाजी, ज्यांस चालतें त्यांना अंडें, हें पाहिजे. सोयाबीनचें पीठ कणकेंत थोडें मिसळून कोणी पोळ्या करीत असेल तर त्या खुशाल खाव्यात. यांपैकीं कोणतीहि वस्तु पदराआड लपवून आणावी लागत नाहीं.

आणि ती पुडी? ती आणणाऱ्या वडीलधाऱ्या बाईचा अपमान करूं नये. तिनें ती मायेनेंच आणलेली असते. परंतु ती दुधांत पडण्यापूर्वीं सुनेच्या नवऱ्यानें पुढें व्हावें. सुनेला जें बोलतां येत नाहीं तें त्याला बोलतां येतें, आणि या प्रकरणीं बोलण्याचें पहिलें कर्तव्यहि त्याचेंच आहे. कारण मुलगा कीं मुलगी हें ठरविणारें गुणसूत्र त्याच्याकडूनच आलेलें आहे. त्यानें आईला किंवा मावशीला जवळ बसवून सांगावें कीं, जें ठरावयाचें होतें तें ठरून गेलें आहे. आतां पोटांत कोणाचा तरी मेंदू घडतो आहे, त्याला धक्का लावूं नका. ती पुडी त्यानें आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांच्या हातीं द्यावी, आणि पूर्वीं कांहीं घेतलें गेलें असेल तर तेंहि न लपवितां सांगावें. डॉक्टर रागावतील या भीतीनें लपविलेली गोष्ट पुढें कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

दिवाळींत तो सोयाबीनचा ढीग पुन्हां बाजारांत येईल, आणि कोठल्या तरी घरांत सून पुन्हां दुसऱ्या महिन्यांत असेल. त्या घरांतील कोणा एकाच्या कानावर आजचे चार शब्द गेले असले, आणि त्या दिवशीं पुडी उघडली न जातां तशीच बाजूस ठेवली गेली, तर या भाषणाचा हेतु सफल झाला असें म्हणतां येईल.